चक्रधर : एक नाव आणि त्याचे धारक

चक्रधर हे मराठीतील पुरुषाचे धार्मिक व्यक्तिनाव आहे. मुळात ते विष्णूचे व कृष्णाचे विशेषण होते. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांच्यामुळे ते महाराष्ट्रात एका ऐतिहासिक पुरुषाचे नाव म्हणून रूढ झाले आणि पुढे अनुयायांच्या घरांत मुलांना दिले जाऊ लागले. विदर्भात हे नाव आजही ऐकू येते. वैनगंगेकाठच्या भंडाऱ्याशी त्याचा संबंध तर स्वामींच्या हयातीतलाच आहे. त्यांचा पहिला अनुयायी मानला जाणारा नीळभट्ट भांडारेकर याच गावचा होता.

नावाची घडण

‘चक्र’ आणि ‘धृ’ म्हणजे धरणे या धातूपासून हा उपपद तत्पुरुष समास बनला आहे. चक्र धारण करतो तो चक्रधर. श्रीधर, गंगाधर, मुरलीधर, गिरिधर, विद्याधर ही मराठी घरांतली नेहमीची नावे याच घडणीची आहेत. संस्कृतात या शब्दाने सार्वभौम राजा आणि नाग हे अर्थही सांगितले जातात, पण सुदर्शन चक्र धारण करणारा विष्णू हाच त्याचा प्रमुख अर्थ. चक्रपाणी आणि चक्री ही त्याच अर्थाची जोडनावे आहेत.

विष्णूच्या नावांवरून मुलांची नावे ठेवण्याची चाल भारतभर जुनी आहे. संध्यावंदनात म्हटल्या जाणाऱ्या चोवीस नावांतून केशव, नारायण, माधव, गोविंद, वामन, दामोदर, पुरुषोत्तम, अच्युत, जनार्दन अशी अनेक नावे मराठी घरांत आली. चक्रधर या चोवीस नावांत नाही. महाराष्ट्रात त्याला जो जिव्हाळा लाभला तो नित्यपाठातून नव्हे, एका माणसाच्या चरित्रातून लाभला.

धार्मिक नावांच्या तीन तऱ्हा

धर्माशी जोडलेली व्यक्तिनावे स्थूलमानाने तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात माणूस स्वतःला देवाचा दास म्हणवतो. रामदास, हरिदास, विष्णुदास ही त्याची मराठी उदाहरणे, आणि अरबी अब्दुल्ला म्हणजे अल्लाचा बंदा हेही त्याच जातीचे. दुसऱ्या प्रकारात देवाचेच नाव किंवा विशेषण माणसाला दिले जाते, जसे राम, कृष्ण, महादेव, विठ्ठल. तिसऱ्या प्रकारात संताचे नाव घेतले जाते. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम ही विदर्भातल्या कोणत्याही गावच्या मतदारयादीत सापडणारी नावे या गटातली.

मध्ययुगीन आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील गेलिक भाषिक समाजात पहिल्या प्रकाराचा मोठा प्रभाव होता. ख्रिस्ताचे किंवा थोर संताचे नाव थेट मुलाला देणे तिथे धाडसाचे वाटे, म्हणून नावाआधी ‘मेल’ किंवा ‘गिला’ हे शब्द जोडले जात. मेल म्हणजे मुंडन केलेला, त्यावरून भक्त. गिला म्हणजे सेवक. मेल ईसू म्हणजे येशूचा भक्त. या नावाचा मेल ईसू उआ ब्रोल्खान हा आयरिश धर्मकवी इ.स. १०८६ मध्ये वारला. संत कोलुमच्या भक्ताचे नाव मेल कोलुम, आणि त्याचेच इंग्रजी रूप माल्कम. दहाव्या ते बाराव्या शतकांत या नावाचे चार राजे स्कॉटलंडच्या गादीवर बसले.

भारतात अशी भीड नव्हती. देवाचे नाव माणसाला दिल्याने देवाचा अवमान होतो असे इथे मानले गेले नाही, उलट मुलाला हाक मारताना नामस्मरण घडते अशी श्रद्धा होती. मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारता मारता तरलेल्या अजामिळाची पुराणकथा याच समजुतीवर उभी आहे. तेराव्या शतकातील देवगिरीच्या यादव राजांची नावेही अशीच आहेत. कृष्ण किंवा कन्हर, त्याचा भाऊ महादेव आणि नंतरचा रामचंद्र, म्हणजेच रामदेवराय, हे तीन राजे देवांचीच नावे धारण करून होते. चक्रधर हे नाव आधी दुसऱ्या प्रकारचे होते. महानुभाव पंथाच्या प्रभावाने ते तिसऱ्या प्रकारचेही झाले.

हरिपाळदेव ते चक्रधर

चक्रधरस्वामींचे चरित्र मुख्यतः ‘लीळाचरित्र’ या ग्रंथातून कळते. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस स्वामींच्या आठवणी त्यांच्या सहवासातील लोकांकडून गोळा करून हा ग्रंथ सिद्ध केला. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे तीन भाग आहेत. मराठीतला हा आद्य गद्य चरित्रग्रंथ मानला जातो.

परंपरेनुसार स्वामींचे मूळ नाव हरिपाळदेव. गुजरातेतील भडोच येथील विशाळदेव या प्रधानाचा हा मुलगा. तरुण वयात त्याचा देहांत झाला आणि त्या देहात द्वारावतीच्या श्रीचांगदेव राऊळांनी, म्हणजेच चक्रपाणींनी, प्रवेश केला अशी पंथाची श्रद्धा आहे. चक्रपाणी मूळचे फलटणचे. म्हणजे एका चक्र धारण करणाऱ्या अवताराने देह ठेवला आणि दुसऱ्या देहात तो पुन्हा चक्राच्याच नावाने ओळखला गेला. या दोन नावांच्या जवळिकीला पंथाच्या अवतारकथेत असा आधार आहे.

पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून हरिपाळदेवाने घर सोडले. वाटेत आजच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली आणि त्यांच्याकडून ज्ञानशक्तीचा स्वीकार झाला. चक्रधर हे नाव गोविंदप्रभूंनीच दिले असे परंपरा सांगते. त्यानंतर स्वामींनी बराच काळ एकट्याने भ्रमंती केली. सातपुड्यातील सालबर्डीच्या डोंगरातले वास्तव्य, आंध्रातील प्रवास आणि विदर्भातील फिरणे या काळातले. पैठण येथे इ.स. १२६७ मध्ये संन्यास घेऊन त्यांनी पंथाची उभारणी केली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. इ.स. १२७४ च्या सुमारास त्यांनी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, प्रयाण केले.

हरिपाळदेव हे नावही त्या काळी एकट्याचे नव्हते. यादव राजा रामचंद्राचा जावई हरपाळदेव याने दिल्लीच्या सुलतानाविरुद्ध उठाव केला आणि चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो मारला गेला. हा वेगळा पुरुष आहे.

महानुभावांचा सिद्धांत समजून घेतला तर या नावाचा आणखी एक पदर उलगडतो. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार नित्य पदार्थ पंथ मानतो. देवता आणि परमेश्वर एक नव्हेत. देवतांची उपासना मोक्ष देऊ शकत नाही. श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, श्रीचक्रपाणी, श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधर हे पाच परमेश्वरावतार, म्हणजे पंचकृष्ण. पंथाच्या मते श्रीकृष्ण हा विष्णूचा अवतार नसून परमेश्वराचाच अवतार आहे. त्यामुळे शब्दकोशात विष्णूचे विशेषण असलेले चक्रधर हे नाव पंथीयांच्या तोंडी विष्णूकडे बोट दाखवत नाही. ते थेट परमेश्वराचे नाव ठरते. देवाकडून माणसाकडे आलेले नाव इथे पुन्हा ईश्वरवाचक झाले.

लीळाचरित्रात मात्र हे नाव सतत येत नाही. स्वामींचा उल्लेख बहुधा ‘गोसावी’ किंवा ‘सर्वज्ञ’ असा आदराने केला जातो. गोविंदप्रभूंना ‘श्रीप्रभू’ म्हटले जाते. वडीलधाऱ्याचे नाव तोंडाने न घेण्याची मराठी घरातली रीत इथे ग्रंथाच्या भाषेतही उतरली आहे.

भंडारा आणि नीळभट्ट

भंडाऱ्याचे जुने नाव भाणार. छत्तीसगडमधील रतनपूर येथील कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या इ.स. १११४ च्या शिलालेखात लांजी आणि वैरागड यांच्याबरोबर भाणाराचाही उल्लेख आहे. चक्रधरस्वामींच्या काळी हे गाव जुने आणि नावाजलेले होते. वैनगंगेच्या खोऱ्यातील या दाट जंगलाच्या मुलखाला झाडीमंडळ म्हणतात. आजचे भंडारा, गोंदिया, गडचिरोली हे जिल्हे आणि चंद्रपूरचा पूर्व भाग त्यात येतो. इथल्या बोलीला झाडीबोली असे नाव आहे.

मराठी ग्रंथरचनेच्या इतिहासातही या खोऱ्याला स्थान आहे. शके १११० म्हणजे इ.स. ११८८ मध्ये रचलेला मानला जाणारा मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधू’ वैनगंगेच्या संगमावरील आंभोरा येथे लिहिला गेला असे विदर्भातील परंपरा सांगते. आंबेजोगाईचाही तसाच दावा आहे. मुकुंद हेही विष्णूचेच नाव.

स्वामींच्या एकट्याने फिरण्याच्या काळात भंडारा येथे नीळभट्ट त्यांना भेटला. त्यांच्या ठायी त्याचे मन इतके जडले की घरदार सोडून तो त्यांच्यामागे निघाला. नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा ही पुढे प्रसिद्ध झालेली मंडळी स्वामींच्या सहवासात नंतर आली. म्हणून अनुयायांच्या मालिकेत नीळभट्ट भांडारेकर पहिला मानला जातो.

त्याचे नाव म्हणजे तेराव्या शतकातील मराठी नामपद्धतीचा चांगला नमुना आहे. नीळ हे व्यक्तिनाव, निळकंठ शिवाशी नाते सांगणारे. भट्ट ही ब्राह्मण विद्वानाची उपाधी. भांडारेकर म्हणजे भंडाऱ्याचा राहणारा. गावाच्या नावाला ‘कर’ लावून माणसाची ओळख देण्याची ही रीत पुढे मराठी आडनावांचा मोठा आधार बनली. महानुभावांच्या मठांच्या गाद्या आणि महंतांची घराणीही बहुधा अशाच गावांच्या नावांनी ओळखली जातात.

लीळाचरित्रातील नावे

चक्रधर हे नाव ज्या नामसृष्टीत वावरले ती लीळाचरित्रात तपशिलाने दिसते. राजा, प्रधान, पंडित, शेतकरी, विधवा स्त्रिया, चोर, भिकारी अशा सर्व थरांतील माणसे त्यात नावानिशी येतात. नागदेव, पद्मनाभी, सारंगपंडित, नाथोबा, दायंबा ही पुरुषांची नावे. महदाइसा, बाइसा, आउसा, हिराइसा, एल्हाइसा ही स्त्रियांची. स्त्रियांच्या नावांतील ‘आइसा’ हा शेवट आदराचा आहे. पुरुषांच्या नावांना ‘बा’, ‘देव’, ‘भट’ आणि ‘बास’ लागतात. नागदेव हा पुढे भटोबास या नावाने पंथाचा पहिला आचार्य झाला. महदाइसेला महदंबा असेही म्हणतात. तिचे ‘धवळे’ प्रसिद्ध आहेत आणि ती मराठीतली आद्य कवयित्री मानली जाते.

या नावांतून एक सामाजिक वस्तुस्थितीही कळते. स्वामींनी स्त्रियांना आणि सर्व वर्णांच्या लोकांना संन्यासाचा व मोक्षाचा अधिकार दिला, आणि लोकभाषेत उपदेश केला. म्हणूनच लीळाचरित्रात राजदरबारी भारदस्त नावांच्या शेजारी साध्या घरगुती नावांना बरोबरीची जागा मिळाली.

पंथाच्या ग्रंथांना पुढे सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांचे कुलूप लागले. चारशे-पाचशे वर्षे हे साहित्य पंथाबाहेर फारसे वाचले गेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी या लिप्यांचा उलगडा झाला. नागपूरचे ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राच्या आवृत्त्या सिद्ध केल्या. कोलते यांची आवृत्ती १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. त्यानंतर चक्रधर हे नाव मराठीच्या पाठ्यपुस्तकांत आणि वाङ्मयेतिहासात पक्के झाले, आणि पंथाबाहेरच्या वाचकालाही ते परिचयाचे वाटू लागले.

इतर उल्लेखनीय चक्रधर

महाराष्ट्राबाहेर हे नाव महानुभावांच्या आधीपासून आढळते. काश्मीरमध्ये विजयेश्वर, म्हणजे आजचे बिजबेहारा, येथून जवळच चक्रधर नावाच्या विष्णूचे मंदिर होते. बाराव्या शतकातील कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त त्याचे उल्लेख आहेत. इथे चक्रधर हे देवाचेच नाव आहे. त्याच काश्मीरच्या विद्यापरंपरेत चक्रधर नावाचा नैयायिकही होऊन गेला. जयंत भट्टाच्या ‘न्यायमंजरी’तील अवघड स्थळांची उकल करणारी ‘न्यायमंजरीग्रंथिभंग’ ही टीका त्याची. ती नगीन शाह यांनी संपादित केली आणि १९७२ मध्ये अहमदाबादहून प्रसिद्ध झाली.

दुसरा विद्वान चक्रधर ज्योतिषी होता. त्याचा ‘यंत्रचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ ग्रहताऱ्यांचे वेध घेण्याच्या तुर्ययंत्रासंबंधी आहे. वर्तुळाचा चौथा भाग असलेल्या या यंत्राने सूर्याची उंची मोजून वेळ काढता येते. या ग्रंथावर राम नावाच्या ज्योतिषाने इ.स. १६२५ मध्ये टीका लिहिली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या १८९६ च्या मराठी ग्रंथात यंत्रचिंतामणीची दखल घेतली आहे.

आधुनिक काळात या नावाचा सर्वांत प्रसिद्ध धारक म्हणजे छत्तीसगडमधील रायगढ संस्थानचा राजा चक्रधर सिंह. त्याचा जन्म १९०५ मध्ये गणेशचतुर्थीला झाला. १९२४ मध्ये तो गादीवर आला आणि १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये वारला. हे राजगोंड घराणे मूळचे वैरागडचे मानले जाते. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात, म्हणजे झाडीमंडळातच आहे. रतनपूरच्या शिलालेखात भाणाराच्या शेजारी येणारे ते हेच गाव. 

चक्रधर सिंह स्वतः तबला आणि पखवाज वाजवत असे. कथक नृत्याला त्याने असा आश्रय दिला की लखनौ, जयपूर आणि बनारस यांच्या जोडीला रायगढ घराण्याचे नाव घेतले जाऊ लागले. कार्तिकराम, कल्याणदास, फिरतू महाराज आणि बर्मनलाल हे नर्तक त्याच्या दरबारात घडले. ‘नर्तनसर्वस्वम्’, ‘तालतोयनिधी’, ‘रागरत्नमंजूषा’ हे संगीत व नृत्यावरील ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. त्याच्या ‘बैरागढिया राजकुमार’ या हिंदी कादंबरीच्या नावात घराण्याच्या मूळ गावाची खूण दिसते. १९८५ पासून रायगढला गणेशोत्सवात त्याच्या स्मरणार्थ चक्रधर समारोह भरतो.

या चक्रधराचा महानुभाव पंथाशी संबंध नाही. हिंदी आणि ओडिया प्रदेशांत हे नाव विष्णूचे विशेषण म्हणूनच पोचले. झारखंडमधील चक्रधरपूर हे रेल्वेचे मोठे केंद्र त्याच नावाचे आहे. हिंदीत ते आडनाव म्हणूनही वापरले जाते. विनोदी कवी अशोक चक्रधर, ज्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली, हे त्याचे परिचित उदाहरण.

जोडनाव चक्रपाणी याचेही धारक कमी नाहीत. अकराव्या शतकातील बंगालचा वैद्य चक्रपाणिदत्त याची चरकसंहितेवरील ‘आयुर्वेददीपिका’ ही टीका आयुर्वेदाच्या अभ्यासात आजही प्रमाण मानली जाते.

आजचा प्रसार

महाराष्ट्रात चक्रधर हे नाव विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश या महानुभावांच्या जुन्या मुलखांत अधिक दिसते. पंथाचा प्रसार शेतकरी आणि कारागीर समाजांत मोठा असल्याने हे नाव एका जातीत अडकून राहिले नाही. पंचकृष्णांपैकी दत्तात्रेय आणि गोविंद ही नावेही याच घरांत आढळतात, पण ती इतर मराठी घरांतही सर्रास असल्याने त्यांवरून पंथ ओळखता येत नाही. चक्रधर नावाचे तसे नाही. मराठी माणसाचे हे नाव ऐकले की घरी महानुभाव परंपरा असावी, एकमेकांना ‘दंडवत प्रणाम’ केला जात असावा, असा अंदाज बहुधा बांधला जातो.

पंथ महाराष्ट्राबाहेरही गेला. पंजाबात आणि पेशावर, काबूलपर्यंत महानुभावांचे मठ होते आणि तिकडे या पंथाला जयकृष्णी म्हणत. तेथील अमराठी अनुयायांनीही मराठी ही धर्मभाषा म्हणून जपली, आणि तिच्याबरोबर चक्रधर हे नाव वायव्य सरहद्दीपर्यंत पोचले.

भाद्रपद शुद्ध द्वितीया हा श्रीचक्रधरस्वामींचा अवतारदिन म्हणून पाळला जातो. ऋद्धिपूर येथे राज्य शासनाने मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले आहे. ज्या गावी हरिपाळदेवाला चक्रधर हे नाव मिळाल्याचे परंपरा सांगते, त्या गावाला यामुळे मराठी भाषेच्या अभ्यासाचे केंद्र म्हणूनही मान्यता मिळाली.